केळीतला सगळ्यात मोठा माणूस पाचदा हरला, ते कसं?

रावेर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: "घरी वीस एकर केळी आहे, माझं एलएलबी झालंय, पुढे निर्यातीत उतरायचंय आणि जमलं तर राजकारणातही. इक्वेडोरचे आल्वारो नोबोआ हेच तिन्ही होते असं वाचलं. केळीचे व्यापारी, वकील आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. एवढा पैसा असून ते पाच वेळा कसे हरले? त्यांच्या कारकिर्दीतून मी काय घ्यावं?"

दादा, मी सत्तावीस वर्षं केळीत आहे. सुरुवात कापणीच्या टोळीबरोबर हिशोब लिहिणारा पोरगा म्हणून झाली, आता टेंभुर्णीकडे पॅकहाऊस चालवतो. इक्वेडोरचं केळ मी पहिल्यांदा पाहिलं ते दुबईच्या बाजारात. आमचं १३ किलोचं खोकं आणि शेजारी त्यांचं १८ किलोच्या आसपास भरतीचं. फणी फणीसारखी, सालीवर चिकाचा एक डाग नाही. अर्धं जग ओलांडून आलेलं फळ, आणि चार दिवसांत पोचलेल्या आमच्या फळापेक्षा ताजं दिसत होतं. त्या दिवसापासून त्या देशाबद्दल मिळेल ते वाचत आलो, म्हणून तुझ्या प्रश्नाला जरा लांब उत्तर देतो.

आधी देश समजून घे. केळी पिकवण्यात भारत पहिला, पण आपली जवळजवळ सगळी केळी आपणच खातो. जगात समुद्रावरून जाणाऱ्या दर दहा खोक्यांतली जवळपास तीन मात्र इक्वेडोरची असतात. दक्षिण अमेरिकेतला, महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान देश, लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. केळी पिकते ती पॅसिफिकच्या बाजूच्या सखल पट्ट्यात, म्हणजे एल ओरो, ग्वायास आणि लोस रिओस या प्रांतांत. माल निघतो ग्वायाकिल बंदरातून. राजधानी क्विटो मात्र वर अँडीजच्या डोंगरात, २८०० मीटरवर. किनारा आणि डोंगर यांची भाषा एक असली तरी स्वभाव, व्यापार आणि राजकारण वेगळं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तिथे केळीचा उठाव झाला तो १९४८ नंतर. मध्य अमेरिकेतल्या बागा पनामा रोगाने, म्हणजे आपण ज्याला मर म्हणतो त्याने आणि वादळांनी बसल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष गालो प्लासा यांनी रस्ते आणि कर्ज देऊन किनाऱ्यावर लागवड वाढवली. मध्य अमेरिकेत जमीनही अमेरिकन कंपनीची, रेल्वेही तिची आणि बंदरही तिचंच. इक्वेडोरात बरीचशी बाग लहान-मध्यम शेतकऱ्याच्या हातात राहिली. त्यामुळे माल गोळा करून जहाजात भरणारा निर्यातदार तिथे राजा झाला.

या राजांतला सगळ्यात मोठा म्हणजे लुईस नोबोआ नारान्हो, आल्वारोंचे वडील. १९१६ साली आंबातो या डोंगरातल्या गावी गरिबीत जन्म, लहानपणापासून पडेल ते काम, मग ग्वायाकिल. आधी तांदूळ, मग केळी. शेतीपेक्षा शेतीच्या पुढची साखळी त्यांनी हातात घेतली, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माल खरेदी, पॅकिंग, स्वतःची जहाजं, परदेशात विकणारी स्वतःची कंपनी आणि 'बोनिता' हा स्वतःचा ब्रँड. त्या काळी जागतिक बाजारात अमेरिकन कंपन्यांची मक्तेदारी होती, त्यात इक्वेडोरी मालकीचं नाव टिकवणं हे मोठंच काम होतं. जोडीला पिठाच्या गिरण्या, कॉफी आणि इतर उद्योगही आले.

आता आपल्या धंद्याचं गणित मांडून बघ. केळफूल बाहेर पडल्यापासून घड कापेपर्यंत तिथे अकरा-बारा आठवडे जातात. दर आठवड्याला वेगळ्या रंगाची रिबीन बांधतात, म्हणजे कापणीच्या दिवशी घडाचं वय रंगावरून कळतं. ही पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. घड कापला की त्याच दिवशी धुवून, फण्या करून, खोक्यात घालून साडेतेरा अंशांच्या आसपास थंड करायचा. मग समुद्रात दोन-तीन आठवडे. ग्वायाकिलच्या शेतकऱ्याचा घड तयार झाला आणि त्या आठवड्यात जहाजात जागा मिळाली नाही, तर तो माल गुरांपुढे टाकायचा. शेतकऱ्याच्या हातात बाग असते, पण आठवडा ज्याच्या हातात आहे, भाव त्याच्या हातात असतो. जहाज असलेल्या माणसाची ताकद ही अशी होती. तिथलं सरकार दरवर्षी खोक्याचा किमान भाव ठरवून देतं. तरी मंदीच्या महिन्यांत खुल्या खरेदीत त्याहून कमी भाव मिळतो, आणि मग शेतकरी रस्ते अडवतात. जाहीर झालेला भाव एक आणि बांधावर हातात पडणारा दुसरा, हे दुःख तुला वेगळं समजावून सांगायला नको.

आल्वारो यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९५० चा, ग्वायाकिलचा. कायदा शिकून वकील झाले. वडिलांच्या कंपनीच्या बाहेर त्यांनी आधी स्थावर मालमत्ता आणि वित्तव्यवहारात स्वतःचं काहीतरी उभं केलं. गरिबांसाठी औषधं आणि मदत वाटणारी एक संस्थाही सत्तरच्या दशकातच काढली. १९९४ मध्ये वडील गेले आणि वारसाहक्काची लढाई सुरू झाली. एक बहीण, इसाबेल, बाजूला होऊन स्वतःचा 'नोबिस' नावाचा समूह उभारायला निघाली. बाकीच्या घरच्यांशी वाद वर्षानुवर्षं चालला आणि लंडनच्या कोर्टापर्यंत गेला. जहाजं आणि विक्री सांभाळणाऱ्या परदेशी कंपन्यांचे समभाग कोणाकडे, यावर सगळा समूह कोणाकडे हे ठरणार होतं. आल्वारो त्यातून ताबा घेऊन बाहेर पडले. माझ्या मते त्यांच्या वकिलीचा खरा उपयोग झाला तो इथे. बागा दिसतात, पण मालकी कागदात असते. वीस एकरांवर भाऊबंदकी पाहिलेल्या घरातला तू आहेस, हे तुला लगेच कळेल.

राजकारणात ते शिरले १९९६ मध्ये. किनाऱ्यावरचे लोकप्रिय नेते अब्दाला बुकाराम राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी नोबोआंना चलनविषयक मंडळाचं अध्यक्षपद दिलं. बुकाराम यांना सहा महिन्यांत संसदेने मानसिक अक्षमतेचा ठपका ठेवून काढलं, पण त्यांचा पक्ष आणि किनाऱ्यावरचा गरीब मतदार जागेवरच होता. १९९८ मध्ये नोबोआ त्याच पक्षाचे उमेदवार झाले. समोर क्विटोचे महापौर हामिल माउआद. दुसऱ्या फेरीत माउआद यांना ५१ टक्क्यांच्या थोडी वर, नोबोआंना ४९ ला थोडी कमी मतं. फरक सुमारे एक लाखाचा. किनाऱ्याने भरभरून दिलं, डोंगराने दिलं नाही.

ही हार त्यांना कायम खुपली असणार, कारण पुढे जे झालं ते भयंकर होतं. माउआद यांच्या काळात बँका बुडाल्या, १९९९ मध्ये लोकांच्या ठेवी गोठवल्या, आणि जानेवारी २००० मध्ये एका डॉलरला २५ हजार या दराने सुक्रे हे आपलं चलन मोडीत काढून देशाने अमेरिकन डॉलर स्वीकारला. त्याच महिन्यात माउआद सत्तेवरून फेकले गेले. लाखो लोक स्पेन, इटली, अमेरिकेला निघून गेले. एक लाख मतं इकडची तिकडे झाली असती तर नोबोआंनी काय केलं असतं, यावर तिथे अजून वाद घालतात. केळी निर्यातदाराचा खर्च सुक्रेत आणि कमाई डॉलरमध्ये असायची, तो फायदा डॉलर आल्यावर संपला. निव्वळ धंद्याच्या अंगाने पाहिलं तर त्या निर्णयाचा तोटा त्यांच्यासारख्यांनाच जास्त झाला.

२००२ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, प्रियान या नावाने ओळखला जाणारा. पुन्हा दुसरी फेरी गाठली आणि पुन्हा हरले, या वेळी कर्नल लुसिओ गुतिएर्रेस यांच्याकडून, ४५ विरुद्ध ५५ टक्के. पण त्या वर्षीची एक गोष्ट निवडणुकीपेक्षा मोठी आहे, आणि ती मी जरा थांबून सांगणार.

एप्रिल २००२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने इक्वेडोरच्या केळीबागांतल्या बालमजुरीवर अहवाल दिला. त्यांनी ४५ मुलांशी बोलून तो तयार केला होता. बहुतेकांनी ८ ते १३ या वयात काम सुरू केलेलं. वरून विमानाने औषध फवारलं जात असताना ही मुलं खाली काम करत होती. अहवालात नोबोआ समूहाशी जोडलेल्या लोस आलामोस या बागांचाही उल्लेख होता. त्याच बागांत त्या वर्षी मजुरांनी संघटना नोंदवली, कामावरून काढलं गेल्यावर संप केला, आणि १६ मे च्या पहाटे तोंडं झाकलेली हत्यारबंद माणसं मजुरांच्या वस्तीत घुसली. मजूर जखमी झाले, एकाचा पाय गेला. त्या माणसांना कोणी पाठवलं यावर मी बोलणार नाही, ते माझं काम नाही. पण मी स्वतः मजुरांच्या टोळ्या घेऊन काम करतो, म्हणून एवढं सांगतो: मजूर थेट आपला नाही, ठेकेदाराचा आहे, ही कागदावरची सोय त्या मजुराला उघड्यावर टाकते. तिथे संघटनेसाठी किमान ३० कामगार लागायचे, आणि एकाच बागेतला मजूर वेगवेगळ्या ठेकेदारांच्या नावावर वाटलेला असला की ३० भरायचेच नाहीत. २००८ मध्ये संविधान सभेने 'आदेश आठ' काढून ही ठेकेदारी बंद केली. वकील म्हणून तो आदेश तू मुळातून वाच.

२००६ मध्ये संधी पुन्हा जवळ आली आणि हातातून गेली. पहिल्या फेरीत ते पहिले होते, जवळपास २७ टक्के. अर्थतज्ज्ञ राफाएल कोरेआ २३ च्या आसपास. प्रचार कसा होता? गावोगावी सभा, व्हीलचेअर, संगणक, औषधं वाटप. वर्षाला तीन लाख घरं बांधण्याचं आश्वासन. हातात बायबल घेऊन गुडघ्यावर बसून मतांची विनवणी. मला यात ढोंग दिसत नाही. तिथल्या किनाऱ्यावर नेता दाता असावा ही अपेक्षा जुनी आहे, आणि तीस वर्षं वाटप करत आलेल्या माणसाला तेच खरं राजकारण वाटलं असणार. पण दुसऱ्या फेरीत कोरेआंना ५७ टक्के आणि त्यांना ४३. निकाल त्यांनी लगेच मान्यही केला नाही.

इथून पुढचे आकडे बघ. २००६ ला दुसऱ्या फेरीत ४३ टक्के. २००९ ला ११ टक्के, तिसरा क्रमांक. २०१३ ला ३.७. एवढी घसरण कशाने? माणूस तोच, पैसा तोच, पक्ष तोच. लोक म्हणतात, कोरेआंची लाट. माझं उत्तर थोडं वेगळं आहे. कोरेआ आले तेव्हा गरीब कुटुंबांना दरमहा मिळणारा सरकारी 'बोनो' १५ डॉलर होता. त्यांनी २००७ मध्येच तो ३० केला, २००९ मध्ये ३५ झाला आणि २०१३ च्या निवडणुकीआधी ५०. वर रस्ते, दवाखाने, शाळा. तेलाचा भाव चढा होता, पैसा होता. नोबोआ जे स्वतःच्या खिशातून, निवडणुकीच्या तोंडावर, कोणाला मिळेल कोणाला नाही अशा पद्धतीने देत होते, तेच सरकार दर महिन्याला, नावानिशी, हक्क म्हणून द्यायला लागलं. व्हीलचेअर मिळालेल्या आईने नोबोआंना मत दिलं होतं ते उपकाराच्या भावनेने, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. पण खात्यात पैसे येऊ लागल्यावर ती उपकारातून मोकळी झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर बांधावर दुसरा खरेदीदार आला, दर आठवड्याला ठरलेल्या वारी काटा लावणारा आणि पट्टी रोख देणारा. शेतकरी कुठे जाईल?

मला तर वाटतं, त्यांचा पराभव १९९८ च्या त्या एक लाख मतांत नव्हता. १९९८ नंतरच्या आठ वर्षांत डोंगरातल्या लोकांसाठी, क्विटोच्या शिक्षक-कारकून-विद्यार्थ्यासाठी त्यांच्याकडे वाटपाखेरीज दुसरं काही तयार झालं नाही, तिथे होता. एकाच बाजारावर सगळा माल धरून बसलेल्या निर्यातदारासारखी गत. आपणही इराणवर किती अवलंबून असतो ते बघ. तिकडे खरेदी थंडावली की इकडे करमाळ्यापर्यंत घड झाडावर पिकतात.

मग कराचं प्रकरण आलं. २००५ सालच्या उत्पन्नावरून करखात्याने त्यांच्या निर्यात कंपनीवर मोठी मागणी काढली. व्याज-दंड धरून ती १० कोटी डॉलरच्या घरात गेली. नोबोआंचं म्हणणं होतं की हा राजकीय सूड आहे, प्रतिस्पर्ध्याला संपवण्याचा डाव आहे. कोर्टात अनेक वर्षं गेली. शेवटी २०१३ मध्ये वसुलीसाठी बाबाओयो भागातली ला क्लेमेंतिना ही हासिएन्दा, म्हणजे मोठी शेतजमीन, जप्त झाली. तिचा विस्तार ११ हजार हेक्टरांच्या वर, म्हणजे आपल्या एकरांत २७ हजारांच्या पुढे. केळीबरोबर सागवान आणि गुरंही. लिलावात ती घेतली तिथल्याच मजुरांच्या सहकारी संस्थेने, सरकारी वित्तसंस्थेच्या कर्जावर. सहकार काय उभं करतो आणि कर्जाखाली कसा वाकतो, हे साखरपट्ट्यात राहून मी दोन्ही पाहिलंय, म्हणून त्या मजुरांबद्दल वाचताना मला आनंद आणि काळजी एकदमच वाटली होती.

धंद्यात मात्र ते टिकून राहिले. युरोपने १९९३ मध्ये आपल्या जुन्या वसाहतींच्या केळीला झुकतं माप दिलं आणि लॅटिन अमेरिकेच्या केळीवर कोटा-जकात लावली. तो झगडा जागतिक व्यापार संघटनेत सोळा वर्षं चालला आणि २००९ च्या अखेरीला जिनिव्हात मिटला. टनामागे १७६ युरोची जकात टप्प्याटप्प्याने ११४ वर आणायचं ठरलं. इतकी वर्षं हा मार खाऊन इक्वेडोरचे निर्यातदार रशिया आणि इतर बाजारांत शिरले. बाजार बदलण्याची ही चपळाई नोबोआंच्या धंद्याने दाखवली, त्यांच्या पक्षाने नाही.

वडिलांना जे जमलं नाही ते मुलाला जमलं, हे तू वाचलंच असशील. दानिएल नोबोआ ऑक्टोबर २०२३ मध्ये ३५ व्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा निवडून आले. आई अनाबेला असिन डॉक्टर आहेत, त्याही पूर्वी पतीच्या जोडीने उपाध्यक्षपदासाठी लढल्या होत्या. मुलाची निवडणूक वेगळ्याच काळातली. ऑगस्ट २०२३ मध्ये फेर्नांदो बियाविसेन्सियो या उमेदवाराचा खून झाला, टीव्हीवरच्या वादविवादाला दानिएल बुलेटप्रूफ जॅकेट घालून आले आणि थोडक्यात, शांतपणे बोलले. लोकांना त्या क्षणी दाता नको होता, गुन्हेगारीपासून सुटका हवी होती. ती गुन्हेगारी आपल्याच धंद्याच्या अंगणात आहे: ग्वायाकिलहून युरोपला जाणाऱ्या केळीच्या कंटेनरांत कोकेन लपवतात. नाशवंत मालाचा कंटेनर बंदरात जास्त वेळ अडवून ठेवता येत नाही, तस्करांना तेच हवं असतं. प्रामाणिक शेतकऱ्याचं खोकं त्यामुळे स्कॅनरखाली तासन्‌तास पडून राहतं, आणि त्याचा खर्च शेवटी खोक्याच्या भावातून वळता होतो.

आता तुझ्याबद्दल. राजकारणाचं मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण एलएलबी वाया जाणार नाही याची खात्री देतो. आपल्या भागात निर्यातीत बुडालेले जे शेतकरी मी पाहिले, त्यांतले निम्मे फळाच्या दर्जाने बुडाले नव्हते, करार न वाचल्याने बुडाले. माझाही एक कंटेनर असाच गेला. पहिल्याच वर्षी आखातातल्या एका खरेदीदाराने फोनवर सांगितलं, माल वाटेतच पिकून पिवळा निघाला, अर्धे पैसे कापतो. करारात दर्जाची तक्रार किती तासांत, कोणाच्या तपासणी अहवालासह करायची, हे काहीच लिहिलेलं नव्हतं. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्रही मी ठेवलं नव्हतं. भांडणार कशावर? तेव्हा पहिला करार करशील तेव्हा चार गोष्टी आधी बघ: माल कोणत्या टप्प्यावर खरेदीदाराचा होतो, तक्रारीची मुदत किती, तापमानाची नोंद कोणाची ग्राह्य धरायची, आणि वाद झाला तर कोणत्या देशाचा कायदा. मसुदा तयार झाला की मला पाठव, मी कापणीच्या वेळापत्रकाच्या अंगाने वाचून देतो. आणि सुरुवातीला घरची वीसच्या वीस एकर निर्यातीला लावू नकोस. पाच एकरांत रिबीन बांध, बाकी माल नेहमीच्या व्यापाऱ्याला जाऊ दे.